मेदपुटिकांचे आकारमान आणि आयुष्य

काळा आजार या रोगावर दिल्या जाणाऱ्या एका औषधाच्या कुपीबरोबर एक ताकीद असते. आतील भुकटी निर्जंतुक पाण्यातच कालवावी, मग ते मिश्रण ग्लुकोजच्या पाण्यात मिसळून शिरेवाटे द्यावे. सलाइनचा मात्र त्याला स्पर्शही होऊ देऊ नये. इस्पितळात सलाइनची बाटली सर्वांत हाताशी असते, तेव्हा ही ताकीद चमत्कारिक वाटते. तिचे कारण त्या भुकटीच्या घडणीत आहे.

पाणी पडताच तीतील सुकवून ठेवलेल्या मेदाच्या पोकळ पुटिका पुन्हा फुलतात. ॲम्फोटेरिसिन बी हे जहाल औषध त्यांच्या भिंतीतच गुंतलेले असते. तेच मोकळे दिले तर रोगाच्या परजीवीबरोबर रोग्याचे मूत्रपिंडही पोळते. म्हणून पुटिका शाबूत राहते की नाही, हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेतला नव्हे.

इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळील बेब्रहॅम येथे ॲलेक बँगहॅम यांनी १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच अशा पुटिका इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. लेसिथिनच्या रेणूचे डोके पाण्याला जवळ करते, शेपट्या पाण्याकडे पाठ फिरवितात. असे रेणू शेपटीला शेपटी भिडवून दुपदरी पडदा विणतात आणि त्याची उघडी कड पाण्याला लागू नये म्हणून पडदा स्वतःवरच मिटतो. पडद्याची जाडी अवघी चार-पाच नॅनोमीटर. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

नुसते ढवळले तर पुटिका लहानमोठ्या आणि कांद्याप्रमाणे थरावर थर असलेल्या होतात. सोऱ्यातून शेव पाडावी तसे त्यांना १०० नॅनोमीटर छिद्रांच्या पडद्यातून पुनःपुन्हा दाबून काढले, की त्या बहुतांशी एकसारख्या होतात. श्राव्यातीत ध्वनीच्या माऱ्याने त्या २०-३० नॅनोमीटरपर्यंतही उतरतात. परंतु जितकी लहान तितकी बरी, असे नाही. एवढ्या आखूड वळणावर बाहेरच्या पदरातील डोकी फाकतात, आतली दाटीवाटीने बसतात. तो ताण हलका करण्यासाठी पुटिका एकमेकींत मिसळून पुन्हा मोठ्या होतात.

शेपट्यांचाही वाटा मोठा आहे. सोळा कार्बनच्या दोन सरळ शेपट्या असलेले लेसिथिन सुमारे ४१ अंश सेल्सिअसला मऊ होते, अठरा कार्बनचे सुमारे ५५ अंशांना. अंड्यातील लेसिथिनच्या अनेक शेपट्या वाकड्या असल्याने ते शून्याखालीही पातळच राहते. त्याच्या भिंती झिरपतात आणि हवेने लवकर खवट होतात. सरळ शेपट्यांचा मेद चाळणीतून काढावयाचा तर आधी तापवावा लागतो. एरवी बदनाम झालेले कोलेस्टेरॉल येथे उपकारक ठरते : रेणूंमधील फटी भरून ते भिंत घट्ट करते.

आता सलाइनचे. पुटिकांच्या अंगावर ऋण विद्युत्भार ठेवलेला असतो. त्यायोगे त्या एकमेकींना दूर लोटतात. मिठाचे आयन हा भार झाकून टाकतात, दुरावा संपतो आणि गोळे धरून साका बसतो. साखर असे करीत नाही. उलट, सुकविताना कुपीत घातलेली साखर पाण्याची जागा घेऊन भिंतींना आधार देते. तरीही कुपी २५ अंशांच्या वर ठेवू नये असा नियम आहे, आणि बिहारच्या उन्हाळ्यात पारा ४० ओलांडतो.

परकी पुटिका रक्तात शिरताच प्लीहा व यकृत यांतील भक्षक पेशी तिला गिळतात. इतर रोगांत ही अडचणच. काळ्या आजारात मात्र परजीवी नेमका त्याच पेशींत दडलेला असतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या बिहारमधील चाचणीत ४१२ रोगी होते. काहींना दर किलो वजनामागे १० मिलिग्रॅम असे पुटिकायुक्त औषध एकदाच दिले, इतरांना साधे औषध दिवसाआड पंधरा वेळा. दोन्ही गटांत सहा महिन्यांनंतर ९५ टक्क्यांहून अधिक रोगी बरे होते. पंधरा मात्रांसाठी जवळजवळ महिनाभर खाट धरावी लागे. एका मात्रेचा रोगी दुसऱ्या दिवशी घरी जाई.