मागितलेला दर आणि नोंदलेला दर



 घरांच्या किमतींचा विचार करणाऱ्या या परिषदेला पुणे हे शहर योग्यच आहे. राज्याच्या नोंदणी महानिरीक्षकांचे मुख्य कार्यालय इथे आहे आणि रेडी रेकनरचे, म्हणजे सरकारी मूल्यदरांचे, तक्ते इथूनच निघतात. शिवाय पेठेतला वाडा, कोथरूडची जुनी सोसायटी आणि हिंजवडीच्या वाटेवरचे टॉवर हे सारे या एकाच शहराच्या परिसरात आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली, तेव्हा तर कालच्या शेतांचा हिशेबही चौरस फुटांत सुरू झाला. अशा शहराचा मिळून एकच दर सांगणे कोणालाही शक्य नाही, आणि कोणी सांगितलाच तर त्यावर विश्वास ठेवू नये.

तरी लग्नात, बसमध्ये, सोसायटीच्या सभेत प्रश्न एकच असतो : ‘तुमच्याकडे सध्या काय रेट चाललाय?’ उत्तर तयार असते, पण ते बहुधा मागितलेल्या दराचे असते. शेजारच्याने फ्लॅटचे ९५ लाख सांगितले, एवढे सगळ्यांना कळते. तो सहा महिने विकला गेला नाही आणि शेवटी कितीला गेला, हे फारसे कोणाला कळत नाही. मग तेच ९५ लाख आळीचा भाव होऊन बसतात. माझे अर्धे आयुष्य मूल्यांकनाच्या कामात गेले. नोकरदार माणूस वीस वर्षांचे कर्ज अशा ऐकीव आकड्यावर उचलतो, हे बघताना मला आजही वाईट वाटते. कारण दस्तात लिहिलेला आकडा सरकारदरबारी नोंदलेला असतो आणि तो कोणालाही पाहता येतो.

तो असतो सूची क्रमांक २ मध्ये, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या इंडेक्स टूमध्ये. नोंदणी खात्याच्या ई-सर्चवर जिल्हा, गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक टाकला की तो कागद समोर येतो. तो नीट वाचला पाहिजे. दुसऱ्या रकान्यात मोबदला असतो, म्हणजे दस्तात लिहिलेली किंमत. तिसऱ्या रकान्यावर ‘बाजारभाव’ असे लिहिलेले असते, आणि घाईत वाचणारा तोच सौद्याचा आकडा समजतो. प्रत्यक्षात ते रेडी रेकनरवरून काढलेले सरकारी मूल्य असते. या दोहोंत जो आकडा मोठा, त्यावर मुद्रांक शुल्क लागते. चौथ्या रकान्यात मिळकतीचे वर्णन असते : इमारत, मजला, सदनिका क्रमांक, कधी सोबतचे पार्किंग. पाचव्यात क्षेत्रफळ. पुढे दोन तारखा असतात, एक दस्त करून दिल्याची आणि दुसरी नोंदणीची.

या दोन तारखांवरही लक्ष हवे. राज्य सरकारने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळात मुद्रांक शुल्कात तीन टक्क्यांची आणि त्यापुढे मार्च २०२१ पर्यंत दोन टक्क्यांची सवलत दिली होती. डिसेंबरात शुल्क भरून दस्त करून ठेवायचा आणि नोंदणी पुढच्या चार महिन्यांत करायची, अशी मुभा लोकांनी घेतली. तेव्हा केवळ नोंदणीच्या आकड्यांवरून त्या वर्षातली तेजी-मंदी ठरवणारा फसला असता. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत तर दर बुकिंगच्या दिवशी ठरतो आणि करारनामा कधी कधी कितीतरी महिन्यांनी होतो. आज नोंदलेला दर हा पुष्कळदा मागच्या हंगामाचा दर असतो.

क्षेत्रफळात तर याहून मोठा घोळ आहे. समजा, जाहिरातीत हजार चौरस फूट ‘सेलेबल’ (सामाईक जागेच्या वाट्यासह) आणि दर ९,००० रुपये लिहिला आहे. किंमत झाली ९० लाख. घरात फरशी मोजली तर कार्पेट भरते ६८० चौरस फूट. म्हणजे खरा दर १३,२३५ रुपये पडला. पलीकडच्या प्रकल्पात कोणी कार्पेटवर १२,५०० सांगितले तर ऐकणाऱ्याला ते महाग वाटते आणि तो स्वस्त घर सोडून महाग घर घेतो. २०१६ च्या रेरा कायद्याने कार्पेटची व्याख्या पक्की केली, आणि मे २०१७ पासून नव्या प्रकल्पांना ती बंधनकारक आहे. जुन्या दस्तांत मात्र कुठे बिल्टअप, कुठे कार्पेट, कुठे नुसतेच ‘क्षेत्र’ असते. चौरस मीटरला १०.७६४ ने गुणून चौरस फूट केल्याशिवाय आणि सगळे कार्पेटवर आणल्याशिवाय दोन घरांची तुलना करू नये, असे माझे ठाम मत आहे.

रेडी रेकनरबद्दलही एक सांगितले पाहिजे. सलग दोन वर्षे दर तसेच ठेवल्यानंतर १ एप्रिल २०२५ ला ते राज्यात सरासरी ३.८९ टक्क्यांनी वाढले. त्या दोन वर्षांत बाजार थांबला नव्हता, आणि त्या दिवशी तो तेवढ्याच टक्क्यांनी वर गेला असेही नाही. एका मूल्यविभागात कित्येक इमारती असतात आणि तक्त्यात त्यांना एकच दर असतो.

उदाहरणार्थ, कोथरूड-कर्वेनगरकडच्या दोन सोसायट्या घ्या. दोन्ही चाळीस वर्षांच्या, तीन मजली, लिफ्ट नसलेल्या, एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर. एक आहे नऊ मीटरच्या रस्त्यावर, दुसरी सहा मीटरच्या. पहिलीचे कन्व्हेयन्स झालेले आहे. दुसरीची जमीन आजही मूळ मालकाच्या नावावर आहे. आतल्या फ्लॅटची फरशी, खिडक्या, रंग सगळे सारखे. पण नऊ मीटरहून अरुंद रस्त्यावर टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, वापरता येत नाही, आणि जमीन नावावर नसली की पुनर्विकासाचे घोडे कागदावरच अडते. त्यामुळे पहिल्या सोसायटीत बिल्डर स्वतःहून येतात आणि दुसरीत सभासद बिल्डर शोधत फिरतात. इतक्या जुन्या इमारतीत भिंतींची किंमत थोडीच उरलेली असते. विकली जाते ती जमीन आणि तिच्यावर पुढे मिळणारे बांधकाम. दुसऱ्या सोसायटीच्या सभासदांनी मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सचा, अर्ज केला तर इटालियन टाइल्स बसवण्यापेक्षा घराचे मूल्य अधिक वाढेल, हे मी जिथे संधी मिळेल तिथे सांगतो.

पाण्याचेही तसेच. ज्या भागात बारा महिने टँकर लागतो, तिथे तो खर्च महिन्याच्या मेंटेनन्समध्ये बसतो आणि शेवटी फ्लॅटच्या दरातून वजा होतो. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत ते घराघरांत शिरले. त्यानंतर नदीकाठी घर बघणारा माणूस पूररेषेचा नकाशा मागू लागला असेल, तर ते शहाणपणाचेच आहे.

एजंट मित्रांना आणि विक्रेत्यांना माझी कळकळीची विनंती आहे की दस्तात खरी रक्कम लिहा. रोखीची रक्कम लपली की सरकारचा महसूल बुडतोच. त्याखेरीज शेजारच्या विधवा बहिणीला तिचे घर विकायचे असते, तेव्हा बँकेचा मूल्यांकनकार तुमचाच कमी दाखवलेला आकडा पुढे ठेवतो. तिच्या ग्राहकाचे कर्ज कमी मंजूर होते, सौदा मोडतो, आणि आपले नुकसान का झाले ते तिला कळतही नाही.

सोसायट्यांच्या चिटणिसांकडे एक मागणे आहे. फ्लॅट हस्तांतरित होताना इंडेक्स टूची प्रत तुमच्या दप्तरात येतेच. त्यावरून एक साधी वही ठेवा : दस्ताची तारीख, मजला, कार्पेट, मोबदला, पार्किंग आहे की नाही. नावे लिहू नका. पाच वर्षांत तुमच्या इमारतीचा असा आलेख तयार होईल, जो कुठल्याही संकेतस्थळावर मिळणार नाही. नोंदणी खात्याने दस्त नोंदताना कार्पेटचा रकाना सक्तीचा करावा, असा ठराव आपण या परिषदेत मांडणार आहोत. खात्याचे अधिकारी इथे उपस्थित आहेत, त्यांनी त्यावर आपले म्हणणे अवश्य मांडावे.

दुपारच्या सत्रात प्रत्येक टेबलावर पक्षकारांची नावे झाकलेल्या सूची क्रमांक २ च्या प्रती ठेवल्या आहेत. आपल्याला त्या वाचून कार्पेटचा दर काढायचा आहे. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरे. सोबत आमच्या मूल्यांकनकार मंडळींपैकी एकेक जण बसेल. भोजनाची व्यवस्था मागच्या मांडवात आहे, आणि मुक्कामाला थांबणाऱ्या प्रतिनिधींनी नावे प्रवेशद्वाराजवळच्या कार्यकर्त्यांकडे द्यावीत. 

अध्यक्ष महोदय, आपण परिषदेचे उद्घाटन करावे, अशी मी आपणास विनंती करतो.