पडद्यावरचा इतिहास आणि घरातील संवाद



शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीत इतिहासाचा तास पुष्कळ बदलला. पहिल्या तुकड्यांतील विद्यार्थ्यांना पानिपत भेटले ते शिक्षकांच्या वाणीतून आणि फळ्यावर खडूने रेखलेल्या नकाशातून. आजच्या विद्यार्थ्याला रोम, इजिप्त, मोहेंजोदडो आणि दोन्ही महायुद्धे प्रथम दिसतात ती दूरचित्रवाणीच्या पडद्यावर. पाठ्यपुस्तक त्यानंतर येते. या बदलाबद्दल हळहळण्याचे कारण नाही. परंतु डोळ्यांनी पाहिलेले मनात खोल रुजते, म्हणूनच ते पारखण्याची सवय मुलांना लहानपणीच लागावयास हवी.

या माध्यमाचे सामर्थ्य भारतीय प्रेक्षकांना १९८८ साली प्रकर्षाने जाणवले. पंडित नेहरूंनी अहमदनगरच्या किल्ल्यातील बंदिवासात लिहिलेल्या ग्रंथावर श्याम बेनेगल यांनी ‘भारत एक खोज’ ही त्रेपन्न भागांची मालिका उभी केली. ती काटेकोर अर्थाने माहितीपट नव्हती. नाट्यप्रवेश आणि निवेदन यांची ती गुंफण होती. तिच्या शीर्षकगीतासाठी ऋग्वेदातील नासदीय सूक्ताची निवड झाली, हे विशेष. सृष्टीचा आरंभ कसा झाला हे कोणास ठाऊक, असा प्रश्न करणारे ते सूक्त आहे. इतिहासकथनाच्या प्रारंभी जिज्ञासेला असा मान मिळणे दुर्मीळच. अनेक माहितीपटांचा धीरगंभीर निवेदक पहिल्या वाक्यापासून सर्वज्ञ असतो आणि शंकेला जागा उरत नाही.

शंका कोठे घ्यावी, याचे एक उदाहरण पहिल्या महायुद्धात सापडते. १ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सॉमची लढाई सुरू झाली आणि ऑगस्टमध्ये तिचा चित्रपट ब्रिटनमधील चित्रगृहांत झळकला. लक्षावधी लोकांनी तो पाहिला. सैनिक खंदकातून वर चढतात आणि त्यांतील एक जण कोसळून मागे घसरतो, हे त्यातील दृश्य आजही असंख्य माहितीपटांत दाखविले जाते. ते रणभूमीवरचे नाही, आघाडीच्या मागे मुद्दाम घडवून चित्रित केलेले आहे, असे संशोधकांनी दाखवून दिले आहे. त्याच चित्रपटातील जखमींची दृश्ये मात्र अस्सल आहेत. खरे आणि रचलेले एकाच फितीवर शेजारी शेजारी बसले की सामान्य प्रेक्षकाला त्यांतील सीमारेषा दिसत नाही.

चित्रण उपलब्ध नसणे हीदेखील एक मोठी अडचण असते. त्याच वर्षी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत-अल-अमारा येथे भारतीय सैन्याची सहावी ‘पूना डिव्हिजन’ तुर्की वेढ्यात अडकली होती. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. जवळजवळ पाच महिने वेढा चालला. अन्न संपत आले, तेव्हा घोड्यांचे मांस खाण्याची वेळ आली. धर्मभावनेपोटी ते नाकारून अनेक भारतीय शिपायांनी उपासमार पत्करली. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजारांनी शरणागती पत्करली आणि पुढे कैदेत त्यांतील कित्येक मृत्युमुखी पडले. सॉमच्या तोडीचा चित्रपट कुतच्या वाट्याला आला नाही. परिणामी महायुद्ध म्हटले की फ्रान्समधला चिखल डोळ्यांपुढे येतो, आणि मराठी मुलखातील गावागावांतून गेलेला शिपाई त्या चित्रात कोठेच दिसत नाही. जे चित्रित झाले तेवढेच घडले, असा समज मुलांच्या मनात नकळत घर करतो.

प्राचीन संस्कृतींच्या बाबतीत तर चित्रफीत असण्याचा प्रश्नच नाही. तेथे संगणकावर नगरे उभी राहतात आणि कल्पनेला मोकळे रान मिळते. मोहेंजोदडोच्या वरच्या थरांत काही मानवी सांगाडे अस्ताव्यस्त अवस्थेत सापडले होते. त्यांवरून भारतीय पुरातत्त्व खात्याचे तत्कालीन महासंचालक मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४७ साली असे अनुमान मांडले, की आर्य आक्रमकांनी त्या नगरात कत्तल केली असावी. व्हीलर पुढे ब्रिटिश दूरचित्रवाणीवर कमालीचे लोकप्रिय झाले. त्यांची कत्तलीची कथाही तशीच चित्रमय होती आणि म्हणूनच ती पसरली. १९६४ साली जॉर्ज डेल्स यांनी पुरावा पुन्हा तपासला. सांगाडे एकाच काळातील नव्हते. मोठ्या लढाईच्या, जाळपोळीच्या खुणा आढळत नव्हत्या. विद्वानांनी ती उपपत्ती बाजूस सारली. लोकांच्या कल्पनेतून मात्र ती सहज गेली नाही. त्याच स्थळी सापडलेल्या छोट्याशा दगडी मूर्तीला ‘राजपुरोहित’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. सिंधू लिपी अद्याप सर्वमान्य रीतीने वाचता आलेली नाही, आणि तो पुरुष राजा होता की पुरोहित, हे सिद्ध करणारा एकही लेख हाती नाही.

याचा अर्थ पडद्यावरचा इतिहास त्याज्य आहे, असा मुळीच नव्हे. १९७३ साली ब्रिटनमध्ये प्रसारित होऊ लागलेली ‘द वर्ल्ड ॲट वॉर’ ही जेरेमी आयझॅक्स यांची सव्वीस भागांची मालिका या क्षेत्रातील मानदंड मानली जाते. तिच्यात सेनापती आणि मंत्री बोलतात, तसेच सामान्य शिपाई, गृहिणी आणि छळछावण्यांतून वाचलेली माणसेही बोलतात. तिचे इतिहास-सल्लागार नोबल फ्रँकलंड हे इंपीरियल वॉर म्युझियमचे संचालक होते. पूर्वीच्या एका मालिकेत रचलेली दृश्ये अस्सल म्हणून वापरली गेल्याबद्दल त्यांनी आक्षेप घेतला होता, आणि या वेळी त्या बाबतीत कटाक्ष ठेवला गेला. हिशेब चोख ठेवूनही कथा उत्कंठावर्धक करता येते, याचा तो पुरावा आहे.

मराठी वाचकाला हा चोखपणा परका नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तो पानिपतच्या काळातील अस्सल पत्रांचा. आधी कागद, मग निष्कर्ष, ही शिस्त त्या पिढीने घालून दिली. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागद हेच सांगतात, की मराठी इतिहासाची साधने महाराष्ट्राच्या सीमेबाहेरही विखुरलेली आहेत. महाराष्ट्रापासून दूर राहून मराठी शिकणाऱ्या मुलांचा या वारशावर तितकाच हक्क आहे.

पालकांनी करावयाचे काम अवघड नाही. माहितीपट मुलांसोबत पाहावा आणि जेवताना तीन प्रश्न विचारावेत. हे दृश्य तेव्हाचे आहे की आता घडविलेले? निवेदक हे कशावरून सांगतो? या कथेत कोणाचा आवाज ऐकू आला नाही? निवेदन इंग्रजीत असो वा हिंदीत, ही चर्चा मराठीत व्हावी. त्यामुळे पुरावा, अनुमान, साधन, उपपत्ती हे शब्द केवळ परीक्षेपुरते न राहता घरच्या बोलण्यात येतील. ‘ठाऊक नाही’ असे उत्तर आले तरी संकोचू नये. ग्रंथालयाची वाट तेथूनच सुरू होते. माजी विद्यार्थ्यांच्या घरी जुनी पत्रे, सनदा किंवा सैन्यात गेलेल्या आजोबा-पणजोबांची छायाचित्रे असतील, तर त्यांच्या प्रती शाळेच्या संग्रहात द्याव्यात. कुतच्या वेढ्यातील शिपायाची आठवण एखाद्या पेटीत आजही पडून असू शकेल, आणि ती ओळखण्यासाठी पेटी उघडणाऱ्या मुलाला तिचे मोल ठाऊक असावे लागेल.