सोने लुटण्याआधी लावावे लागते

(कुटुंब मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



गणेशविसर्जन आटोपले, पितृपक्ष सरला की मराठी घराला पुढच्या चार महिन्यांचे वेध लागतात. आश्विन-कार्तिकाचा शरद आणि मार्गशीर्ष-पौषाचा हेमंत. या दोन ऋतूंत घटस्थापना येते, दसरा येतो, दिवाळी, तुळशीचे लग्न, मार्गशीर्षातले गुरुवार, चंपाषष्ठी आणि शेवटी संक्रांत. यांतील प्रत्येक सणाच्या पूजेचे साहित्य एकदा डोळ्यांपुढे आणून पाहावे. आंब्याचा टाळा, झेंडू, आपटा, शमी, ऊस, आवळा, चिंच, बोरे, हरभऱ्याचे घाटे, गव्हाची ओंबी. आपल्या सणांची सजावट ही मुळात वनस्पतींची सजावट आहे. ज्या घरी अंगण होते, त्या घरी यातले निम्मे साहित्य अंगणातच असे. उरलेले शेजाऱ्याच्या अंगणात.

आज अंगण गेले, सदनिका आली, आणि हे सगळे साहित्य सणाच्या आदल्या संध्याकाळी मंडईतून पिशवी भरून येऊ लागले. यात घर चालविणाऱ्या गृहिणीचा दोष नाही. परंतु लावणारा आणि तोडणारा यांची ताटातूट झाली की काय घडते, हे पाहायचे असेल तर दसऱ्याच्या आदल्या दिवशी कोणत्याही शहराच्या बाजारात एक फेरी मारावी.

तेथे आपट्याच्या नावाने हातगाड्या भरभरून फांद्या येतात. पाने सुटी खुडलेली नसतात. कोयत्याने छाटलेल्या आख्ख्या फांद्या असतात. आपट्याचे झाड फार मोठे नव्हे. माळरानावर, डोंगरउतारावर, खडकाळ जमिनीत ते सावकाश वाढते. जनावर खाते, वणवा लागतो, तरीही पुन्हा फुटते. अशा चिवट झाडालाही वर्षानुवर्षे ऐन शरदात ओरबाडले, आणि तेही फांदीवर शेंगा असताना, तर नवे रोप यायचे कोठून? गावाजवळच्या टेकड्यांवरचा आपटा विरळ झाला, म्हणून तोडणारे आणखी आत शिरले. तोही पुरेना, तेव्हा बाजारात कांचनाची पाने आपटा म्हणून खपू लागली. दोन्ही झाडे एकाच कुळातली. दोन्हींचे पान दोन पाळ्यांचे, म्हणून शहरी माणूस सहज फसतो. ओळखायची खूण मात्र सोपी आहे. आपट्याचे पान लहान, जाडसर, खरखरीत आणि रुंदीला लांबीपेक्षा किंचित जास्त असते. कांचनाचे पान मोठे आणि मऊ असते. कांचनाच्या झाडाला रस्त्याकडेला त्याच्या जांभळ्या-गुलाबी फुलांसाठी लावलेले असते. आपट्याशी नामसाधर्म्य नसताना केवळ पानाच्या ठेवणीपायी त्या बिचाऱ्याचीही कत्तल होते.

कौत्साची कथा येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी सुवर्णमुद्रा हव्या होत्या. रघुराजाच्या धाकाने कुबेराने त्या आपट्याच्या आणि शमीच्या झाडांवर वर्षविल्या. कौत्साने आपल्यापुरत्या घेतल्या आणि उरलेले सोने लोकांनी नेले. कथेतले सोने झाडाखाली पडले होते. झाड तोडल्याचा उल्लेख कोणत्याही कीर्तनकाराने केलेला ऐकिवात नाही. एका घराला एक पान पुरते. वडीलधाऱ्यांच्या हातावर ते एक पान ठेवून नमस्कार करण्यात जो भाव आहे, तो पाने पोत्याने वाटून वाढत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तीच पाने जिन्यात पायदळी तुडविली जातात तेव्हा तर तो पार नाहीसा होतो. म्हणून पहिली सूचना अशी, की प्रत्येक गृहसंकुलाने आपल्या आवारात एक आपटा लावावा. ज्यांना आवार नाही त्यांच्या मोठ्या कुंडीतही आपट्याचे रोप काही वर्षे छान राहते. घरच्या झाडाचे पान तोडताना हात आपोआप आखडतो.

आता झेंडू. दसऱ्याच्या तोरणावाचून मराठी दाराला शोभा नाही. गाडी, यंत्र, पाटी-पुस्तक, शस्त्र, सर्वांना त्या दिवशी झेंडू लागतो. हे फूल मूळचे मेक्सिकोचे, हे ऐकून काहींच्या कपाळाला आठी पडेल. तेथे आजही नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखेला पितरांच्या स्मरणासाठी लोक झेंडूच्या पायघड्या घालतात. युरोपीय दर्यावर्दी अमेरिकेत पोहोचल्यानंतरच ते इकडे आले. आपल्या समाजाने ते असे आपलेसे केले, की त्याचे परकेपण कोणाच्या ध्यानीमनीही उरले नाही. पचविण्याची ही शक्ती मिरचीच्या बाबतीतही दिसली, बटाट्याच्या बाबतीतही. तेव्हा स्वदेशीचा विचार करताना फुलाचे मूळ गाव शोधीत बसण्यापेक्षा ते कोणाच्या हातचे आहे हे पाहणे अधिक उपयोगाचे. प्लॅस्टिकच्या झेंडूचे तोरण मूळचे कोठलेही असो, ते दारावर चढवून वर्षभर धूळ खात ठेवणे याला सजावट म्हणावे का, याचा विचार प्रत्येक घराने करावा.

झेंडू घरी लावणे अगदी सोपे. चूक होते ती तारखेची. बी पेरल्यापासून फूल हाती यायला साधारण अडीच ते तीन महिने लागतात, आणि बहुतेकांना झेंडू आठवतो तो घटस्थापनेला. दसरा इंग्रजी तारखेने दरवर्षी सरकतो; २०२३ साली तो २४ ऑक्टोबरला होता, २०२५ साली २ ऑक्टोबरला. म्हणून पेरणीचा हिशेब पंचांगाने धरावा. आषाढी एकादशीला पेरलेला झेंडू दसऱ्याला फुलतो, नागपंचमीला पेरलेला दिवाळीला. (मध्ये अधिक मास आला तर पेरणी महिनाभर पुढे न्यावी.) रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा, फुटवे वाढतात आणि एकाच्या ठिकाणी पाच फुले येतात. चार-पाच तास ऊन मिळणाऱ्या सज्जात पाच-सहा कुंड्या असल्या तर दाराच्या तोरणाची सोय होते. ऊन बेताचे असेल तर झेंडूचा हट्ट सोडून अबोली आणि नागवेल लावावी; वेणीही होते, विड्याचे पानही मिळते. बी ठेवायचे असेल तर गावठी गोंड्याचेच ठेवावे. संकरित मोठ्या फुलाचे बी पेरले तर तसेच फूल पुन्हा येईल याची खात्री नसते.

शेवंतीची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे. कुंडी भरून हिरवीगार झाली, पण कळी धरत नाही, अशी तक्रार पुष्कळ घरांतून ऐकू येते. शेवंतीला कळी येते ती रात्र मोठी होऊ लागल्यावर. तिला अखंड, गडद अंधार लागतो. सज्जासमोर रस्त्यावरचा दिवा रात्रभर जळत असेल, किंवा हौसेने कठड्यावर विजेच्या माळा महिनाभर लुकलुकत असतील, तर त्या झाडाच्या लेखी रात्र होतच नाही. माळा जरूर लावाव्यात, परंतु झाडांभोवती गुंडाळू नयेत आणि निजताना बंद कराव्यात. शेवंतीची कुंडी मागच्या, अंधाऱ्या बाजूला हलविली तरी पुष्कळदा काम होते.

मुलांच्या वाट्याला आलेली बागही विसरून चालणार नाही. नवरात्रात घटाभोवती शेतातली माती पसरून धान्य पेरतात. नऊ दिवसांत कोवळे पिवळट अंकुर वीतभर वाढतात, आणि दसऱ्याला ते तुरे टोपीत खोवले जातात. घरातल्या लहानग्याला हे पेरणे आपल्या हाताने करू द्यावे. पुढे दिवाळीत किल्ला येतोच. बाजारात तयार प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे किल्ले मिळू लागले आहेत. ते घेऊन मुलांचा चिखल वाचतो आणि मौजही जाते. दगड, विटा, पोते आणि मातीचा राडा यांतून उभ्या राहिलेल्या राजगडावर हळीव आणि मोहरी पेरावी. हळीव दोन-तीन दिवसांत उगवतो, आठवड्यात हिरवळ दाट होते. म्हणजे वसुबारसेच्या आठ दिवस आधी किल्ला उभा हवा. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतही नाताळच्या गोठ्याचा देखावा करताना अशीच नाचणी पेरून हिरवळ उगवतात. माती एक, हंगाम एक, त्यामुळे हौसही सारखीच.

दिवाळी उलटली की तुळशीची आवराआवर होते, आणि नेमकी लग्नानंतरच पुष्कळ घरची तुळस वाळते. मंजिऱ्या खुडल्या नाहीत तर झाड बी धरून थकते. थंडीत पाणी कमी लागते, तरी सवयीने तांब्याभर ओतले जाते आणि मुळे कुजतात. त्यात कुंडीतच तेलाची पणती, दूध, साखर, हळद-कुंकू. जुन्या वृंदावनाला दिव्यासाठी निराळा कोनाडा असे. दिवा मातीत खुपसण्याची पद्धत नव्हती. कुंडीशेजारी एक छोटा पाट ठेवून पूजा त्यावर करावी. भक्तीत काही उणे पडत नाही आणि तुळस जगते.

चार महिन्यांच्या या पूजेतून निर्माल्य किती निघते! पिशवीत बांधून ते नदीत सोडणे हे पुण्य नव्हे. पाणी नासते आणि पिशवीही तेथेच राहते. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोलकर (१९२४–२००१) यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या माध्यमातून पालापाचोळ्यापासून सकस माती घरच्या घरी करण्याची रीत गावोगाव पोहोचविली. याच विचाराने मुंबई बंदराच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर २००२ साली बाग सुरू झाली. तेथल्या स्वयंपाकघराचा ओला कचरा तेथल्याच झाडांच्या कामी येऊ लागला. घरी एवढा व्याप नको. तळाला भोके पाडलेली जुनी बादली, त्यात सुक्या पाल्याचा थर, त्यावर हार सोडून मोकळी केलेली फुले, पुन्हा पाला, मूठभर माती. दोरा, कापूर, प्लॅस्टिक वेचून काढावे. दसऱ्याचे तोरण असे जिरविले तर उन्हाळ्याच्या तोंडाला कुंडीत घालण्यासारखे खत होते.

फुलांबरोबर ताटाचाही विचार व्हावा. घटस्थापनेच्या सुमारास कठड्याशी पावट्याचे चार वेल लावले तर भोगीच्या मिसळीच्या भाजीत घरच्या शेंगा पडतात. मेथी तर महिन्याभरात येते. मार्गशीर्षातल्या गुरुवारी कलशात ठेवायला पाच झाडांच्या डहाळ्या लागतात. त्याही विकतच्या जुडीऐवजी आवारातल्या झाडांवरून, एकेकच, आणाव्यात.

आणि संक्रांतीचे वाण. हळदीकुंकवाला प्लॅस्टिकच्या डब्या आणि चाळण्या लुटण्याची चढाओढ अलीकडे फार झाली. त्याऐवजी शेवंतीचा एक मुनवा, तुळशीचे रोप, गावठी गोंड्याच्या बियांची पुडी, असे काही दिले तर ते वर्षभर त्या घरी राहील. ज्यांच्या ओळखीत आपट्याचे जुने झाड आहे त्यांनी याच थंडीत वाळलेल्या शेंगा वेचून ठेवाव्यात. बी कोरडे राखावे, मेअखेरीस रात्रभर कोमट पाण्यात भिजवावे आणि पिशव्यांत पेरावे. प्रत्येक पिशवीवर झाडाचे नाव आणि पेरणीची तिथी लिहायला विसरू नये, कारण आपट्याची आणि कांचनाची रोपे लहानपणी फार सारखी दिसतात.