आदर आहे, आनंद नाही: ‘उसकी रोटी’विषयी

एखाद्या प्रयोगशील चित्रपटाविषयी मनात आदर दाटावा आणि तरीही तो पाहताना आनंद मिळू नये, या अनुभवाचे मणी कौल यांच्या १९६९ सालच्या ‘उसकी रोटी’ या पहिल्या कथापटाइतके ठळक उदाहरण भारतीय चित्रपटात क्वचितच सापडेल. मोहन राकेश यांच्या कथेवर आधारलेला हा चित्रपट फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन, म्हणजे चित्रपटनिर्मितीसाठी कर्ज देणारी सरकारी संस्था, हिच्या साहाय्याने तयार झाला. पंजाबातील बालो ही स्त्री बसचालक नवऱ्यासाठी, सुच्चासिंगसाठी, रोटी घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहते. एके दिवशी तिला उशीर होतो, तो रागावतो आणि ती वाट पाहत राहते, एवढेच त्याचे कथानक.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ऋत्विक घटक यांच्या हाताखाली शिकलेल्या कौल यांनी घटकांच्या भावोत्कट शैलीची वाट न धरता फ्रेंच दिग्दर्शक रोबेर ब्रेसाँ यांचा संयम जवळ केला. त्यामुळे पात्रे भावना दाखवत नाहीत, संवाद जवळजवळ सपाट आवाजात उच्चारले जातात आणि हातांच्या साध्या हालचालींवरही कॅमेरा रेंगाळतो. छायालेखक के. के. महाजन यांनी प्रामुख्याने दोनच भिंगे वापरली: जवळचे आणि दूरचे सारखेच स्पष्ट दाखवणारे २८ मिलिमीटरचे, आणि चेहरा पार्श्वभूमीपासून वेगळा काढणारे १३५ मिलिमीटरचे. आरंभी पहिले प्रत्यक्ष वाट पाहण्याशी आणि दुसरे बालोच्या मनातील कल्पनेशी जोडलेले असते. पुढे हा भेद मुद्दाम पुसला जातो, आणि प्रतीक्षेत वास्तव व भास कसे मिसळतात हे कथेऐवजी प्रतिमाच सांगू लागते. ही कामगिरी असामान्य आहे.

परंतु भारतीय काव्यशास्त्र ज्याला साधारणीकरण म्हणते, म्हणजे पात्राची भावना तिच्या खाजगी संदर्भातून सुटून रसिकाचीही होणे, ते येथे घडत नाही. बालोचा शीण प्रेक्षकाला कळतो, तिचे दुःख मात्र त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि केवळ प्रेक्षकाच्या अधीरतेला दोष देऊन हे अंतर मिटणारे नाही, कारण ते दिग्दर्शकाच्या पद्धतीतूनच निर्माण झालेले आहे. कौल यांच्याच ‘दुविधा’ या १९७३ सालच्या चित्रपटात लोककथेच्या आधारामुळे हेच अंतर अधिक सुसह्य होते. तरीही ‘उसकी रोटी’ रसिकांनी एकदा तरी पाहावा, आणि शक्य असल्यास मोठ्या पडद्यावर पाहावा, कारण त्या दोन भिंगांतील फरक लहान पडद्यावर पुरेसा जाणवत नाही.