नाव कोणाचं छापायचं?



खानदेशात छोटं पत्र चालवणं नवं नाही. साने गुरुजींनी 1938 साली अमळनेरहून ‘काँग्रेस’ साप्ताहिक काढलं, शेतकरी-कामगारांची बाजू मांडली. आमचं चार पानी पत्रक त्याच वाटेवरचं. आमचा पेच मात्र वेगळा: नाव कोणाचं छापायचं?

1994 मध्ये जळगावचं लैंगिक शोषणाचं प्रकरण उघडकीला आलं. फोटोंचा धाक दाखवून मुलींना छळलं होतं. गावात चर्चा कसली, तर ‘कोणाची मुलगी?’ बदनामीच्या भीतीनं तक्रारीला पुढे आल्या त्या थोड्याच.

अत्याचारित बाईची ओळख छापणं 1983 पासून गुन्हा आहे. आता न्याय संहितेचं कलम 72. पण गल्ली आणि बापाचा धंदा लिहिला, की नाव वेगळं लिहायला नकोच! आम्ही तेही गाळतो. आरोपी कोणत्या पदावर, तपास कुठे अडला, हे मात्र तारखेनिशी लिहितो. त्यापायी जाहिराती गेल्या. मग बचत गटांतून वर्गणी जमवली, आठवडे बाजारात अंक हातोहात दिला.

पुढच्या अंकासाठी धुळ्याच्या कोर्टात तारखांना बसणाऱ्या बाया हव्यात. तिघी पुरतील. वही आम्ही देऊ.