ऑपरेशननंतरची नळी आणि आपली भीड



आजचा माझा विषय चारचौघींत काढण्याजोगा नाही, असे काहींना वाटेल. पण आजारी माणसाच्या उशाशी बसण्याचे काम बहुधा आपल्याच वाट्याला येते, म्हणून बोलते.

मोठ्या ऑपरेशनच्या वेळी रोग्याला पुष्कळदा लघवीची नळी घालतात. नळी गरजेची असते. पण तिच्याच वाटेने जंतू मूत्राशयात शिरतात. बहुतेकदा ते आपल्याच आतड्यांतले असतात. नळी राहील त्या प्रत्येक दिवसागणिक हा धोका शंभरात ३ ते ७ इतका वाढत जातो, असे डॉक्टर लोक सांगतात. त्यातून बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर लांबीचा, म्हणून आपल्याला हा त्रास अधिक.

माझ्या सासूबाईंच्या खुब्याचे ऑपरेशन झाले. नळी काढल्यावर त्या घोटभर पाणी पिईनात. का, तर परक्या माणसाजवळ भांडे कसे मागायचे! दोन दिवसांनी त्या एकाएकी असंबद्ध बोलू लागल्या. ताप फारसा नव्हता. वयामुळे बरळतात, असे नातलग म्हणाले. पण नर्सबाईंनी लघवी तपासायला पाठवली आणि जंतू निघाले. औषध सुरू झाल्यावर चार दिवसांत त्या माणसांत आल्या. म्हाताऱ्या माणसांत कधीकधी एवढीच खूण दिसते.

एरवी लघवीला जळजळ, वारंवार लागणे, ओटीपोटात किंवा कमरेच्या बाजूला दुखणे, थंडी वाजून ताप, या खुणा. आपण ‘उन्हाळी लागली’ म्हणून धण्याजिऱ्याचे पाणी देतो. ऑपरेशन झालेल्या माणसाला तेवढ्यावर ठेवू नये. दुर्लक्ष झाले तर जंतू मूत्रपिंडात आणि रक्तातही जातात. लघवीत कोणता जंतू आहे ते कळायला दोन-तीन दिवस लागतात. घरात उरलेल्या गोळ्या देऊ नयेत, आणि डॉक्टरांनी दिलेल्या मध्येच सोडू नयेत.

आपल्या हाती काय आहे? नळीला वा पिशवीला हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवावेत. पिशवी रोग्याच्या कमरेच्या खाली असावी, पण जमिनीला टेकू नये. नळीला पीळ पडू देऊ नये, तिचा सांधा उघडू नये. अंग पुसताना पुढून मागे पुसावे. नळी काढल्यावर पाच-सहा तासांत लघवी झाली नाही, तर लगेच सांगावे. पाणी भरपूर द्यावे. मात्र हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारून.

आणि रोज सकाळी डॉक्टर आले की एक प्रश्न न चुकता विचारावा: “नळी अजून हवी आहे का?” पुष्कळ ऑपरेशनांत ती एका दिवसात काढता येते. विचारण्यात त्यांचा अपमान नाही आणि आपला कमीपणाही नाही.

भीड ही भिकेची बहीण, असे म्हणतात. आजाऱ्याच्या खाटेपाशी तरी तिला थारा देऊ नये, एवढे सांगून मी आपली रजा घेते.