बाद गडी

बालपणी शिरूरला घोडनदीच्या वाळूत आमचे हुतूतूचे डाव रंगत. दौंडची मुले आली म्हणजे प्रथम वाद नियमांचाच. त्यांना ‘गामिनी’ प्रिय, आम्हांस ‘संजीवनी’. गामिनीत बाद झालेला गडी सारा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे; संजीवनीत प्रतिपक्षाचा एक पडला की आपला एक उठे. माझा धाकटा भाऊ पहिल्याच चढाईत बाद होई. गामिनीच्या दिवशी तो वाळूवर रेघोट्या ओढीत बसे; ते मला पाहवत नसे.

१९५० साली अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला. पुढे संजीवनीचीच रीत सर्वमान्य झाली. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेस पुणेरी पलटणने हरियाणावर २८-२५ अशी मात केली, तीही याच रीतीने. तथापि गामिनीत दौंडकर आम्हांस हटकून हरवीत, हे कबूल केले पाहिजे.